खोलीला कॅन्सलेशन पॉलिसी आहे, माणसाला नाही

पहाटे चार पन्नासला आतेभावाचा फोन आला. "दादा, जागा आहेस का? दोन तास झोपायला तुझ्याकडे येऊ का?"

तो स्वारगेटला होता. मी मुकुंदनगरात राहतो, म्हणजे चालत दहा-बारा मिनिटं. चपला अडकवल्या आणि त्याला आणायला गेलो. एसटी स्टँडच्या बाहेर, जेधे चौकाच्या कडेला पंधरा-वीस पोरं उभी होती. सगळ्यांची काळी पँट, पांढरा शर्ट, काळे बूट, पाठीवर सॅक. लांबून बघणाऱ्याला वाटावं की कुठल्या तरी इंटरव्ह्यूला निघालीत. ती कॅटरिंगची पोरं होती. शनिवार-रविवारी घाटावरच्या रिसॉर्टमध्ये लग्न असलं, कंपनीची पार्टी असली, की ठेकेदार पुण्यातून अशी पोरं गोळा करतो. टेम्पो ट्रॅव्हलर स्वारगेटहून पहाटे पाचला सुटतो. वाढायचं, ताटं उचलायची, खुर्च्या लावायच्या, रात्री दीड-दोनला सगळं आवरायचं. दिवसाचे सातशे रुपये. जेवण मिळतं, पाहुण्यांचं उरकल्यावर.

आतेभाऊ एमपीएससीची तयारी करतो. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतो, आठवडाभर अभ्यासिकेत बसतो आणि महिन्यातले तीन-चार वीकेंड कॅटरिंगला जातो. मेसचे पैसे त्यातून निघतात. त्या दिवशी रिक्षाचे पैसे वाचवायला तो नारायण पेठेतून चालत आला होता. बत्तीस पोरांची यादी होती. चार चाळीसला त्यातल्या चौदा जणांच्या मोबाइलवर मेसेज आला. त्याने मला स्क्रीन दाखवली.

"आजची आपली ड्यूटी रद्द करण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

ही दोन वाक्यं मी लिहिली आहेत.

अलंकारिक बोलत नाहीये. मी ज्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे ती हॉटेलं आणि रिसॉर्टसाठी प्रणाली बनवते. आज किती खोल्या भरतील याचा अंदाज, त्यावरून खोलीचा भाव आणि त्यावरूनच किती माणसं कामाला लागतील याचा हिशेब, असं सगळं एका ठिकाणी. माणसं जास्त झाली तर ठेकेदाराच्या यादीतल्या जादा माणसांना आपोआप मेसेज जातो. दोन वर्षांपूर्वी हा भाग आमच्या टीमने बांधला. मेसेज इंग्रजीत होता, हिंदीत होता. मराठी कोण लिहिणार? टीममध्ये मराठी मी एकटा. दुपारच्या चहाआधी पाच मिनिटांत लिहून टाकलं. 'क्षमस्व' हा शब्द सुचल्यावर बरं वाटलं होतं. सभ्य वाटला.

टपरीवर चहा घेताना मी आतेभावाला हे सांगून टाकलं. वाटलं, चिडेल. तो म्हणाला, "दादा, निदान मेसेज तरी येतो आता. आधी टेम्पोच यायचा नाही. आम्ही आठपर्यंत उभे राहायचो."

त्याच्या या उत्तराने माझी अडचण वाढली. तो शिव्या देता तर मी अपराधी वाटून घेऊन मोकळा झालो असतो. पण त्याच्या मते माझ्या सॉफ्टवेअरने त्याचं भलं केलं होतं: तीन तासांचा अपमान वीस मिनिटांवर आणला होता. आमच्या धंद्याची सगळी प्रगती ही अशी आहे. अपमान तसाच ठेवायचा, तो वेळेवर पोचवायचा.

हा लेख त्या वीस मिनिटांबद्दल आहे.

आधी हॉटेलचा धंदा कसा चालतो ते समजून घेऊ, कारण तो फार हुशार धंदा आहे. किराणा दुकानातला साबण आज विकला गेला नाही तर उद्या विकता येतो. हॉटेलच्या खोलीची आजची रात्र उद्या विकता येत नाही. ती भाजीपेक्षाही नाशवंत. भाजी निदान दुसऱ्या दिवशी निम्म्या भावात जाते. म्हणून हॉटेलवाले धंद्याची तब्येत मोजताना नुसता भाव बघत नाहीत. एका रात्रीचं खोल्यांचं एकूण उत्पन्न भागिले हॉटेलातल्या सगळ्या खोल्या, रिकाम्यासुद्धा, असा आकडा काढतात. त्याला रेव्हपार म्हणतात. रिकामी खोली त्या आकड्याला खाली ओढते. रोज सकाळी मॅनेजर तोच आकडा आधी बघतो.

या नाशवंतपणावर धंद्याने उपाय शोधले. पहिला, भाव हलता ठेवायचा: मंगळवारी नऊ हजारांची खोली शनिवारी बावीस हजारांना. दुसरा, थोडं जास्तच बुकिंग घ्यायचं, कारण काही लोक येणार नाहीत हे धरलेलं असतं. तिसरा आणि सगळ्यात पक्का उपाय म्हणजे कॅन्सलेशन पॉलिसी. अमुक तासांच्या आत रद्द केलंत तर एका रात्रीचं भाडं जाईल. काही दर तर मुळातच नॉन-रिफंडेबल. लग्नाच्या हॉलला 'मिनिमम गॅरंटी' असते: पाचशे ताटं ठरली आणि चारशे माणसं आली, तरी पैसे पाचशे ताटांचे.

हे मला पटतं. गंमत म्हणून सांगत नाही, अनुभवातून सांगतो. गेल्या वर्षी आई-पप्पांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी त्यांच्यासाठी पाचगणीतल्या एका हॉटेलात खोली घेतली होती. आमचं गाव जावळी तालुक्यात. पाचगणीच्या हॉटेलांच्या पाट्या दोघांनी आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून बघितल्या, आत कधी गेले नव्हते. आदल्या दिवशी पप्पांना ताप भरला. मी फोन केला. पलीकडच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात सांगितलं की एका रात्रीचे अकरा हजार परत मिळणार नाहीत. मी तडतडलो, वाद घातला, मग गप्प बसलो. कारण तिचं म्हणणं बरोबर होतं. ती खोली त्यांनी माझ्यासाठी अडवून ठेवली होती. ती रात्र आता कोणाला विकणार?

आता हेच वाक्य फिरवून बघा. माझ्या आतेभावाने तो शनिवार त्या रिसॉर्टसाठी अडवून ठेवला होता. दुसऱ्या ठेकेदाराला नाही म्हणाला होता. अभ्यासिकेतला दिवस सोडला होता. शर्टाला इस्त्री केली होती, अलार्म लावून तीनला उठला होता. चार चाळीसला त्याचा तो दिवस रद्द झाला. तो शनिवार आता कोणाला विकणार?

माणसाचा दिवस खोलीच्या रात्रीइतकाच नाशवंत आहे. धंद्याला ही गोष्ट कळत नाही असं नाही. नाशवंतपणाचं गणित त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही. खोलीच्या बाबतीत ते जोखीम पाहुण्यावर टाकतात आणि माणसाच्या बाबतीत ती माणसावरच टाकतात. दोन्हीकडे मधला मोकळा.

आकडे घालून बघू. हे कुठल्या एका रिसॉर्टचे आकडे नाहीत, गणित समजावं म्हणून घेतलेत. समजा चाळीस खोल्यांचं रिसॉर्ट, शनिवारचा भाव २२,००० रुपये. लग्नाच्या पार्टीतल्या दहा खोल्या ऐनवेळी रद्द झाल्या. पॉलिसीप्रमाणे त्या दहा खोल्यांचं एका रात्रीचं भाडं, म्हणजे २,२०,००० रुपये, रिसॉर्टकडेच राहिले. पाहुणे कमी झाले म्हणून प्रणालीने चौदा पोरांची ड्यूटी रद्द केली. वाचले १४ गुणिले ७००, म्हणजे ९,८०० रुपये. या पोरांना निम्मी मजुरी द्यायची ठरवली असती तर खर्च आला असता ४,९०० रुपये. एका खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याचा पाव हिस्साही नाही.

म्हणजे एकाच कारणाने दोन गोष्टी रद्द झाल्या. एकीची भरपाई मालकाला मिळाली. दुसरीची भरपाई कोणी मागितलीच नाही, म्हणून कोणी दिली नाही. यात धंदा बुडण्याचा प्रश्न कुठे आला?

इथे कोणी म्हणेल, हे मजुरीचं काम आहे, त्याला कुठे नियम असतात? असतात. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली ले-ऑफच्या तरतुदी आल्या. हजेरीपटावरचा कामगार ठरल्या वेळी कामावर हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम दिलं नाही, तर त्या दिवसापुरता त्याला ले-ऑफ दिला असं मानायचं. पात्र कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जे होतं त्याचा निम्मा भाग द्यायचा. सत्तर वर्षांपूर्वी दिल्लीत बसलेल्या लोकांना हे समजलं होतं की गेटपर्यंत आलेल्या माणसाला 'आज काम नाही' म्हणून परत पाठवणं फुकट असता कामा नये. पण ही भरपाई कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरती. वर्षभर सलग नोकरी हवी. आणि बदली किंवा नैमित्तिक कामगार तर शब्दशः वगळलेला. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही निम्म्या वेतनाची कल्पना राहिली आहे आणि या भिंतीही. जो सगळ्यात सहज परत पाठवला जातो, तोच भिंतीबाहेर.

बाहेरच्या देशांचं उदाहरण दिलं की लोक वैतागतात, तरी देतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात मोठ्या हॉटेल आणि खाद्यकंपन्यांना कामाचं वेळापत्रक आधी जाहीर करावं लागतं आणि ऐनवेळी बदललं तर कामगाराला भरपाई द्यावी लागते. शिकागो शहराने २०२० पासून असाच नियम लागू केला आणि त्यात हॉटेलंही घेतली. हे देश कामगारांचे स्वर्ग नाहीत. तिथल्या हॉटेलांनाही खोली नाशवंतच आहे. पण ऐनवेळी रद्द करण्याला किंमत लावता येते, एवढं तरी तिथे सिद्ध झालं.

आणि खरं तर इतक्या लांब जायची गरजच नाही. स्वारगेटपासून दोनेक किलोमीटरवर मार्केट यार्ड आहे. तिथल्या हमालाचं कामही असंच होतं. आज ट्रक आला तर काम, नाही आला तर नाही. मालक ठरलेला नाही, वेळ ठरलेली नाही. 'अशा कामाला नियम लावताच येणार नाहीत' हे वाक्य त्या काळी हमालांबद्दल बोललं गेलं. मग बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहिली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यातली युक्ती साधी होती. काम अनियमित आहे ना? मग मालक आणि मजूर यांच्यामध्ये एक मंडळ ठेवा. मजुराची नोंद मंडळाकडे. मालकाने मजुरी आणि वर ठराविक लेव्ही मंडळात भरायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधपाणी. माथाडी मंडळांमध्ये पुढे बऱ्याच भानगडी झाल्या, हे मलाही माहीत आहे. पण 'मालक बदलत राहतो म्हणून मजुराला हक्क नाहीत' हा दावा या राज्याने तेव्हाच खोडून काढला होता. आणि तेव्हा कोणाकडे सॉफ्टवेअर नव्हतं. आज प्रत्येक पोराचं नाव, मोबाइल नंबर, गेल्या दोन वर्षांतल्या ड्यूट्या आणि रद्द झालेल्या ड्यूट्या आमच्या सर्व्हरवर आहेत. नोंद नाही म्हणून हक्क देता येत नाही, ही सबब आता उरलेली नाही. नोंद मीच ठेवतो.

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही, म्हणून नीट मांडतो.

पहिला मुद्दा रोजगाराचा. 'रिसॉर्ट आलं म्हणून तर या पोरांना काम मिळालं.' खरं आहे. आमच्या तालुक्यातली निम्मी तरुण पोरं पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांत, नाहीतर मुंबईत. ती हॉटेलं उद्या बंद व्हावीत असं मला वाटत नाही. पण 'काम दिलं' हे वाक्य ज्या दिवशी काम दिलं त्या दिवसापुरतं खरं. ज्या दिवशी बोलावून परत पाठवलं, त्या दिवशी रिसॉर्टने काम दिलेलं नाही. त्या दिवशी पोराने रिसॉर्टला काहीतरी दिलं: आपला राखून ठेवलेला वेळ. पाहुण्यांची संख्या वाढलीच असती तर ही चौदा पोरं हाताशी होती. ही निश्चिंती रिसॉर्टला फुकट मिळाली. विम्याचा हप्ता न भरता विमा.

दुसरा मुद्दा मालकाच्या अडचणींचा. लोकांना वाटतं रिसॉर्टवाला म्हणजे पैशाची खाण. प्रत्यक्षात दारावर ज्या ब्रँडचं नाव असतं, ती इमारत अनेकदा त्या ब्रँडची नसते. इमारत आणि कर्ज स्थानिक मालकाचं, नाव आणि व्यवस्थापन कंपनीचं, त्याची फी वेगळी. ऑनलाइन बुकिंगवाल्यांचं कमिशन वेगळं. २०२० मध्ये कोविडने सगळं बंद पाडलं तेव्हा हप्ते भरायचे होतेच. पावसाळ्यात महाबळेश्वर ओस पडतं. हे सगळं खरं. पण साखळी नीट बघा: ब्रँडने आपली जोखीम मालकावर ढकलली, मालकाने ठेकेदारावर, ठेकेदाराने पोरावर. प्रत्येकाने खालच्याकडे बोट दाखवून 'माझाही नाइलाज आहे' म्हटलं. पोराच्या खाली कोणी नाही. तो नारायण पेठेत परत चालत जातो.

आणि साखळीत मी कुठे? मी ढकलण्याचं यंत्र बनवतो. आधी मुकादमाला निदान पोरांच्या तोंडावर सांगावं लागायचं. तो शिव्या खायचा, कधी लाजून पन्नास रुपये हातावर ठेवायचा. आता त्याला फोनही करावा लागत नाही. लाजण्याची जागाच आम्ही काढून टाकली.

हा धंदा विकतो काय, तर आतिथ्य. जाहिरातीत 'अतिथी देवो भव' आणि माहितीपत्रकात हसतमुख सेवा. स्पामध्ये दगड, मेणबत्त्या, बासरीचं संगीत आणि 'स्वतःसाठी वेळ काढा' अशी पाटी. स्वतःसाठी वेळ काढणं ही आज विकायची सगळ्यात महाग वस्तू झाली आहे, आणि ती वस्तू तयार करायला लागणारा कच्चा माल म्हणजे दुसऱ्याचा फुकटात घेतलेला वेळ.

वेळच नाही, पाणीही. इमारतींच्या पाणीपुरवठ्याच्या भारतीय मानकांत पंचतारांकित हॉटेलसाठी दर खाटेमागे दिवसाला ३२० लिटर पाणी धरलेलं आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी ठेवलेलं उद्दिष्ट आहे ५५ लिटर. जवळपास सहा पट फरक, आणि तोही कागदावरचा. खोलीबाहेर चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद, एक मीटर वीस सेंटिमीटर खोल असा खासगी पूल असला तर त्यात बारा हजार लिटर पाणी बसतं. ५५ च्या हिशेबाने ते २१८ माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. महाबळेश्वरच्या परिसरात पाच नद्या उगम पावतात असं आपण शाळेत शिकलो. पण पठारावर पडलेलं पाणी वाहून जातं, आणि डोंगरातल्या वाड्यांवर उन्हाळ्यात हंडे निघतात.

हे नवीन नाही. महाबळेश्वर वसलं तेव्हापासूनचं आहे. १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी थकल्याभागल्या गोऱ्या साहेबांसाठी इथे आरोग्यधाम काढायचं ठरवलं. आजच्या भाषेत वेलनेस रिट्रीट. पेठेला त्यांचंच नाव पडलं, माल्कम पेठ. मग तिथे तुरुंग बांधला गेला. ब्रिटिशांनी पूर्वेकडून आणलेले चिनी आणि मलाय कैदी त्यात ठेवले. रस्त्यांच्या आणि बागांच्या कामाला त्यांचे हात लागले. साहेबांच्या टेबलावरच्या भाज्या त्यांनी पिकवल्या. म्हणजे महाराष्ट्रातल्या पहिल्या आलिशान हवापालटाच्या पायाशी फुकटचं श्रम आहे. आज बेड्या नाहीत, हे मी विसरत नाही. आज मोबाइल आहे आणि पोरं स्वतःहून येतात. पण ज्याच्या वेळेला किंमत नाही असा माणूस हाताशी लागतो, ही त्या धंद्याची सवय जुनी आहे.

आणि आता हा धंदा वाढणार आहे. सातारा जिल्ह्यातल्या दोनशेहून जास्त गावांसाठी 'नवीन महाबळेश्वर' हा प्रकल्प येऊ घातला आहे. एमएसआरडीसी त्याची नियोजन प्राधिकरण आहे. आमच्या जावळी तालुक्यातली गावंही त्यात येतात. त्यातल्या कोयनाकाठच्या लोकांनी एकदा धरणासाठी जमिनी दिल्या आहेत, आणि पुनर्वसनासाठी त्यांची पुढची पिढीही मोर्चे काढत राहिली. आता उरलेल्या डोंगरावर रिसॉर्ट येतील. झाडं, उतार, वाघाचा मार्ग यांवर चर्चा होते आहे आणि व्हायलाच हवी. पण त्या रिसॉर्टमध्ये ताट उचलणाऱ्याचा दिवस कोण आणि कसा रद्द करणार, यावर एक ओळ मी कुठे वाचलेली नाही.

आपला राग कुठे पेटतो हेही बघण्यासारखं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले पंचवीस किल्ले हॉटेल आणि लग्नसमारंभांसाठी भाड्याने देणार अशी बातमी आली. आपण सगळे पेटून उठलो. मीही स्टेटस टाकला होता. शिवरायांच्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असं सरकारला सांगावं लागलं. राग योग्यच होता. पण त्या डेस्टिनेशन वेडिंगमध्ये वाढपी म्हणून उभी राहणार होती ती आपल्याच मावळातली पोरं, हे माझ्या स्टेटसमध्ये नव्हतं. दगडाचा अपमान आपल्याला दिसतो. दगडावर ताट घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा दिसत नाही.

तसंच सर्व्हिस चार्जचं. हॉटेलच्या बिलात आपोआप दहा टक्के लावू नका, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं. हॉटेलवाले कोर्टात गेले. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. ग्राहकाच्या दहा टक्क्यांसाठी प्राधिकरण आहे, मार्गदर्शक तत्त्वं आहेत, उच्च न्यायालय आहे. आतेभावाच्या शंभर टक्क्यांसाठी काय आहे? माझं 'क्षमस्व'.

आणि मुलींचं काय? त्या घोळक्यात दोन मुलीही होत्या, स्वागताला फुलं द्यायला आणि आरतीची ताटं धरायला नेतात त्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच स्वारगेट स्थानकात, उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये, पहाटे एका तरुणीवर बलात्कार झाला. शहर हादरलं, सुरक्षेवर बोललं गेलं. त्या पहाटे त्या दोघींपैकी एकीची ड्यूटी रद्द झाली आणि दुसरीची नाही. टेम्पो गेल्यावर पहिली मुलगी उजाडेपर्यंत चहावाल्याच्या दिव्याखाली उभी राहिली. आमच्या प्रणालीत मेसेज पाठवण्यापूर्वी 'ही व्यक्ती आत्ता कुठे उभी असेल' असा प्रश्न विचारणारी पायरी नाही. मी सांगतो, नाही. कोड मी लिहिलाय.

मग करायचं काय? मला क्रांती वगैरे सांगता येत नाही. मला फीचर सांगता येतात. तीन सांगतो.

एक: चोवीस तासांच्या आत ड्यूटी रद्द केली तर निम्मी मजुरी. पोर ठरल्या जागी पोचल्यावर रद्द केली तर पूर्ण. पाहुण्याला जो नियम लावता तोच स्वतःला लावा. कॅन्सलेशन पॉलिसीत एक ओळ वाढवा: या रकमेतला इतका भाग ज्यांची ड्यूटी रद्द झाली त्यांना जाईल.

दोन: कॅटरिंग आणि हॉटेलच्या रोजंदार कामगारांची नोंद माथाडीच्या धर्तीवरच्या मंडळाकडे. ठेकेदार बदलला तरी माणसाचा हिशेब त्याच्याबरोबर चालत राहिला पाहिजे. 'नवीन महाबळेश्वर'मध्ये रिसॉर्टला परवानगी देतानाच ही अट घालता येईल. एकदा इमारती उभ्या राहिल्या की कोणी ऐकणार नाही.

तीन: माणसं जिथून उचलता तिथे बसायला जागा. उजेड, पाणी, स्वच्छतागृह. ज्या धंद्याला लॉबीत गार टॉवेल देणं जमतं, त्याला स्वारगेटला एक बाक जमू नये?

पहिल्या मागणीचं मी करूनही पाहिलं. त्याच सोमवारी ऑफिसात रीतसर तिकीट टाकलं: 'ड्यूटी रद्द झाल्यास भरपाई' असा एक रकाना, टक्केवारी ग्राहकाने भरायची. काम तीन दिवसांचं. प्रॉडक्ट मॅनेजर चांगला माणूस आहे, तो हसला नाही. त्याने दोन दिवसांनी तिकीट बंद केलं आणि कारण लिहिलं: ग्राहकाने मागितलेलं नाही.

आमचा ग्राहक म्हणजे रिसॉर्ट. पण रिसॉर्टचा ग्राहक कोण? तुम्ही. हा लेख मोबाइलवर वाचणारे, पुढच्या लाँग वीकेंडला मित्रांबरोबर पैसे जमवून पूलवाला व्हिला घेणारे, लग्नासाठी लॉन बघत फिरणारे. मीही. आपण बुकिंग करताना ब्रेकफास्ट आहे का, वायफाय आहे का, पेट-फ्रेंडली आहे का, हे विचारतो. पुढच्या वेळी अजून एक विचारू या: आम्ही रद्द केलं तर आमचे पैसे कोणाकडे जातात? लग्नाचं पॅकेज ठरवताना लिहून घ्या की वाढप्यांच्या रद्द ड्यूटीचे पैसे मिनिमम गॅरंटीतून दिले जातील. मॅनेजर गोंधळेल. तुमच्याआधी हे कोणी विचारलेलं नसेल. दहा जणांनी विचारलं की तो त्याच्या वरच्याला विचारेल, आणि पन्नास जणांनी विचारलं की माझ्या टेबलावर तिकीट परत उघडेल. या धंद्याला लाज वाटत नसेल, पण त्याला रिव्ह्यू वाचता येतात.

एक गोष्ट मात्र मी कोणाला न विचारता केली. मराठी मेसेजमधलं दुसरं वाक्य काढून टाकलं. आता फक्त 'आजची आपली ड्यूटी रद्द करण्यात आली आहे' एवढंच जातं. टेस्टिंगवाल्या मुलीने विचारलं, क्षमस्व का काढलं, उद्धट वाटतंय. तिला सांगितलं, भरपाईचा रकाना आला की परत घालू.

आतेभावाला परवा विचारलं, मेसेज बदललाय, कळलं का? तो म्हणाला, "खालपर्यंत कोण वाचतं दादा? रद्द दिसलं की खिशात टाकतो."

या शनिवारी त्याची पुन्हा ड्यूटी आहे. टेम्पो पाचला, स्वारगेटहून.